मोठा बास, छोटी बोट

प्रश्न : मी अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. हौसेने 12 फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली आहे. जुलैत दुपारी तलावाच्या मधोमध गळ टाकतो, पण लार्जमाउथ बास लागत नाही. परवा नांगर मागे बांधला, तर वाऱ्याने पाणी आत आलं. मोठी बोट घ्यावी का?

उत्तर : बोट राहू द्या, जागा आणि वेळ बदला. मोठा मासा मधल्या खोल पाण्यातच असतो, हा समज बासला लागू नाही. तो दबा धरून शिकार करतो, त्याला आडोसा हवा : पाणगवताची कड, बुडालेली झाडं, धक्क्याची सावली. उन्हाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला काठाजवळ टाका. दुपारी उतारावर किंवा दाट सावलीत ‘टेक्सास रिग’ वापरा. त्यात प्लास्टिकच्या गांडुळातच गळाचं टोक दडवतात, म्हणून तो गवतात सहसा अडकत नाही. तळाला जाऊ द्या, हलकेच उचला, पुन्हा सोडा. चावा बहुधा खाली जातानाच येतो; तंगूसवर नजर ठेवा.

मासा नाही मिळाला तर बिघडत नाही, पण नांगर मागून कधीच टाकू नका. मागची फळी ठेंगणी, तिच्यावर इंजिनाचं ओझं. दोनचार लाटा आत आल्या की संपलं. नांगर नाळीवरूनच सोडा, दोर खोलीच्या पाच-सात पट. लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगावर हवं. तुमच्याएवढ्या बोटीत 13 वर्षांखालील मुलांना तर टेक्सासचा कायदाच ते घालायला लावतो. आणि हो, मासेमारीचा परवाना खिशात असू द्या.