आम्ल आपल्या जागी

तोंड, घसा, अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे आद्यांत्र, एवढा पचनमार्गाचा वरचा टप्पा. जळजळ, आंबट ढेकर, जेवणानंतरचा जडपणा या रोजच्या तक्रारी बहुतेक इथल्याच, आणि त्यांचे खापर सरसकट आम्लावर फुटते. आम्लाशिवाय मात्र पचनाचे भागत नाही. ते आपली जागा सोडून वर चढते किंवा जठराचे अस्तर दुबळे होते, तेव्हा त्रास सुरू होतो.

पचनाला तोंडातच सुरुवात होते. दिवसाकाठी सुमारे १ ते १.५ लिटर लाळ पाझरते. तिच्यातले अमायलेज हे विकर भात-भाकरीतल्या पिष्टाचे विघटन सुरू करते. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, कूर्चेची छोटी झडप त्याच्यावर झुकते आणि श्वास क्षणभर थांबतो. ही जुळवणी चुकली की ठसका लागतो. पक्षाघातानंतर ती अनेकदा बिघडते आणि अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. अशा रुग्णाला निजवून कधीही भरवू नये. ताठ बसवून लहान घास द्यावेत आणि पाण्यानेही ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. श्वासनलिकेच्या मागून ती छातीत उतरते आणि श्वासपटलातल्या छिद्रातून पोटात शिरते. तिच्या स्नायूंच्या लाटा घास पुढे ढकलतात. आठ-दहा सेकंदांत तो जठरात पोहोचतो. कोरडी गोळी मात्र वाटेतच चिकटून अस्तराला जखम करू शकते. डॉक्सीसायक्लिन आणि हाडांच्या ठिसूळपणावरच्या काही गोळ्यांबाबत हे विशेष घडते. गोळी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते, एरवी आवळलेले राहते. ते अवेळी सैल पडले की आम्ल वर येते आणि अन्ननलिकेला ते सोसत नाही. तंबाखू, मद्य, तळकट जेवण, पोटावरची चरबी आणि गरोदरपण यांमुळे हा त्रास वाढतो. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे. पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटीमीटर उचलावी. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडते आणि त्याच्यावरचा दाब वाढतो. छातीतले दुखणे हातात किंवा जबड्यात जात असेल, सोबत घाम फुटत असेल किंवा धाप लागत असेल, तर ते ॲसिडिटी समजून घरी थांबू नये. हृदयविकाराचा झटकाही असाच येतो.

जठर वरच्या पोटात डावीकडे असते. रिकामे असताना त्याच्या भिंतीला घड्या असतात. जेवल्यावर त्यात १ ते १.५ लिटर सहज मावते. इथल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू दोनच्याही खाली जाऊ शकतो. ते अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मारते, प्रथिने पचवणारे पेप्सिन जागे करते आणि अन्नातले बी-१२ मोकळे करते. ज्या पेशी आम्ल स्रवतात त्याच बी-१२ शोषण्यासाठी लागणारे एक प्रथिनही बनवतात. म्हणून आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेणे बरे नव्हे. शाकाहारी आहारात बी-१२ मुळातच कमी असते.

जठर स्वतःच पचून जात नाही, ते श्लेष्म्याच्या थरामुळे. दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या हे संरक्षण कमी करतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणूही तेच करतो. तिखट आणि ताण यांवर पूर्वी ढकलल्या जाणाऱ्या अल्सरमागे हा जीवाणू आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवले. १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. रुग्णांच्या दृष्टीने याचे मोल फार मोठे आहे: प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण केला की असा अल्सर बहुधा कायमचा बरा होतो.

जठरातून लगदा थोडा-थोडा आद्यांत्रात उतरतो. स्वादुपिंडाच्या डोक्याला वळसा घालणाऱ्या या सुमारे २५ सेंटीमीटरच्या भागात स्वादुपिंडाचा अल्कधर्मी रस आम्ल शमवतो आणि यकृतातून आलेले पित्त स्निग्ध पदार्थ फोडते. स्निग्धांश पोहोचला की आतडे जठराला सावकाश रिकामे व्हायला लावते. तेलकट जेवणानंतरचा जडपणा त्यातून येतो.

गिळताना घास अडकणे, कारणाशिवाय वजन घटणे, रक्तक्षय, सतत उलट्या यांपैकी काहीही असल्यास दुर्बिणीची तपासणी लांबवू नये. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती कशाने झाली हे घरी ठरवत बसू नये.