अकरा भागांची पेटी

विद्युत गिटार वाजवणारा कलावंत मंचावर उभा असतो. त्याची बोटे तारांवरून फिरत असतात आणि स्वच्छ, नितळ सूर उमटत असतात. मध्येच तो पायाजवळच्या एका लहानशा धातूच्या पेटीवरील कळ पायाने दाबतो. त्याच क्षणी सुराचा सारा नूर पालटतो. आतापर्यंत ओढ्याच्या पाण्यासारखा वाहणारा तो सूर एकाएकी खरखरीत व दाट होतो आणि बराच वेळ रेंगाळत राहतो. ही किमया करणाऱ्या पेटीला पेडल म्हणतात. पेडले अनेक प्रकारची असतात. सुरात अशी खरखर आणणाऱ्या पेडलास 'फझ' हे नाव आहे.

येथे दोन प्रश्न मनात येतात. खरखर हा तर आवाजातील दोष. मग तो मुद्दाम उत्पन्न करण्यासाठी यंत्र कशाला हवे? आणि दुसरा प्रश्न असा, की असे यंत्र आपल्या हातांनी बनवता येईल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील नॅशव्हिल या शहरात सापडते. हे शहर गाण्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी फार प्रसिद्ध आहे. १९६० सालच्या अखेरीस तेथे मार्टी रॉबिन्स या गायकाचे 'डोंट वरी' हे गीत ध्वनिमुद्रित केले जात होते. ग्रेडी मार्टिन हे सहा तारांची बेस गिटार वाजवत होते. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील एक रोहित्र नेमके त्या वेळी बिघडले आणि गिटारचा गंभीर सूर फाटला. एखादा मोठा भुंगा डब्यात कोंडला जाऊन गुणगुणावा, तसा आवाज येऊ लागला. असे मुद्रण टाकून द्यावे आणि यंत्र दुरुस्त करून पुन्हा वाजवावे, हाच सरळ मार्ग होता. परंतु ऐकणाऱ्यांना त्या फाटक्या आवाजात काहीतरी नवे जाणवले. त्यांनी तो तसाच ठेवला. १९६१ साली ते गीत लोकप्रिय झाले आणि हा चमत्कारिक सूर लोकांच्या कानांत बसला.

आता खरी अडचण पुढे आली. तो सूर इतरांनाही हवासा वाटू लागला. पण बिघाड काही कोणाच्या आज्ञेत नसतो. तो आज आवाज देईल, उद्या यंत्रच बंद पाडील. आणि झालेही तसेच. यंत्राचा तो भाग पुढे पुरता निकामी झाला. तेव्हा ध्वनिमुद्रण करणारे अभियंते ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडाचा अभ्यास केला. आवाज का फाटला, हे त्यांनी शोधले आणि रेव्हिस हॉब्स या सहकाऱ्याच्या साहाय्याने तोच परिणाम घडवणारे ट्रान्झिस्टरचे एक लहानसे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने १९६२ साली बाजारात आणले. पुढे १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्लिश वाद्यवृंदाच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीतात तो सूर घुमला आणि या पेटीला मोठी मागणी आली. १९६६ साली लंडनमध्ये 'फझ फेस' नावाची वाटोळी पेटी निघाली. जिमी हेंड्रिक्स या थोर गिटारवादकाने तिचा उपयोग केला आणि ती जगप्रसिद्ध झाली.

सूर फाटतो म्हणजे काय होते, ते आता पाहू. विद्युत गिटारच्या तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली, की या वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. चुंबकाच्या साहाय्याने वीज उत्पन्न होते, हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली प्रयोगाने दाखवले होते. गिटारमधील ही वीज फार क्षीण असते. तिच्यात तारेच्या थरथरीप्रमाणे लाटा उठतात. ट्रान्झिस्टर या लाटांना मोठे करतो. पण पेडलमधील बॅटरी केवळ ९ व्होल्टची असते. तेव्हा लाट त्या मर्यादेपेक्षा उंच जाऊ शकत नाही. बुटक्या दारातून उंच गवताचा भारा रेटून नेला, तर त्याचे शेंडे कापले जातात. तसे या लाटांचे माथे सपाट होतात. गोलसर लाटेला असे कोपरे आले, की मूळ स्वराबरोबर अनेक वरचे स्वरही ऐकू येऊ लागतात. तीच ती खरखर!

अशा वरच्या स्वरांचे मोल आपल्याकडील कारागिरांनाही फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मिरजेचे तंबोरे प्रसिद्ध आहेत. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी जुळवतात, तेव्हा तारेचा घोडीला नाजूक स्पर्श होतो आणि एका तारेतून अनेक स्वर जागे होतात. मार्ग वेगळा, पण कोरड्या सुराला समृद्ध करण्याची ओढ तीच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. 'फझ फेस'च्या मूळ मंडलात भाग तरी किती? दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन धारित्रे आणि फिरवण्याची दोन बटणे, एकूण अकरा! यांशिवाय पायाची कळ, तारा जोडण्याच्या जागा, बॅटरी आणि पेटी, एवढेच. रोधकाला बाजारात रेझिस्टर आणि धारित्राला कपॅसिटर म्हणतात. रोधक विजेच्या प्रवाहाला आवर घालतो. धारित्र बॅटरीचा एकसारखा प्रवाह अडवते, पण सुराची थरथर पुढे जाऊ देते. फिरवण्याच्या बटणांपैकी एक खरखर आणि दुसरे आवाज कमीजास्त करते.

हे सारे भाग, छिद्रे पाडलेली पट्टी आणि जोडणीचा नकाशा एकत्र मिळतो, त्या संचाला किट म्हणतात. यंत्रे अशी सुट्या भागांत विकण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील हीथ कंपनीने विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा संच १९४७ साली विक्रीस आणला होता आणि अनेकांनी तो घरी बसून जोडला. हौशी माणसे सुटे भाग वेगवेगळे आणूनही पेडल बनवतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तापकीर गल्ली येथील दुकाने अशा भागांसाठी प्रसिद्ध आहेत.

संच उघडताच तापते हत्यार हाती घेण्याची घाई करू नये. प्रथम नकाशा वाचावा आणि प्रत्येक भाग ओळखून मोजून घ्यावा. रोधक इतका लहान असतो, की त्यावर आकडे लिहिण्याऐवजी रंगीत पट्टे काढलेले असतात. प्रत्येक रंगाला एक अंक ठरलेला असतो: काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८ आणि पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रोधकावरील पहिले दोन पट्टे अंक सांगतात, तिसरा पट्टा पुढील शून्यांची संख्या सांगतो आणि चौथा अचूकपणा दर्शवतो. नारिंगी, नारिंगी, नारिंगी म्हणजे ३३,००० ओहम. पण नारिंगी, नारिंगी, तपकिरी म्हणजे केवळ ३३० ओहम! सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या 'फझ फेस'मध्ये हे दोन्ही रोधक शेजारी नांदतात. एका पट्ट्याकडे दुर्लक्ष झाले, तर शंभरपट फरक पडतो. म्हणून रंग वाचल्यावरही मल्टिमीटरने मोजून खात्री करून घ्यावी.

काही भागांना उलटसुलट बाजू नसते. रोधक कसाही बसवला तरी चालतो. परंतु सर्व भागांचे तसे नाही. डबीसारख्या गोल धारित्राचा लांब पाय धन व आखूड पाय ऋण असतो. तो उलटा बसला, तर धारित्र फुगून निकामी होऊ शकते. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात आणि त्यांची जागा बदलून चालत नाही.

यानंतर सोल्डरिंग. सोनार जसा उष्णतेने दागिन्याचे दोन तुकडे सांधतो, तसेच हे काम आहे. सोल्डरिंगच्या हत्याराचे टोक सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. म्हणून हे काम वडीलधाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. डोळ्यांवर चष्मा असावा आणि खिडकी उघडी असावी. सोल्डरच्या तारेत राळ असते व तिचा धूर निघतो. पुष्कळशा सोल्डरमध्ये शिसेही असते, म्हणून काम संपताच हात साबणाने धुवावेत. टोक एकाच वेळी पट्टीवरील तांब्याला व भागाच्या पायाला टेकवावे, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग सोल्डरची तार त्या तापलेल्या सांध्याला लावावी, हत्याराला नव्हे. चांगला सांधा पायाभोवती लहानशा डोंगरासारखा चढतो. कच्चा सांधा गोळीसारखा वर बसतो. तो जोडल्यासारखा दिसतो, पण त्यातून वीज नीट जात नाही. आधी रोधकांसारखे ठेंगणे भाग, मग धारित्रे आणि शेवटी ट्रान्झिस्टर, असा क्रम ठेवावा.

९ व्होल्टच्या बॅटरीवर असे काम निर्धोक असते. मात्र घरातील विजेच्या जोडणीला हात लावू नये आणि जुने ध्वनिवर्धक तर मुळीच उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यातील धारित्रांत प्राणघातक वीज साठून राहू शकते.

अखेर सर्व भाग बसतात, बॅटरी जोडली जाते, नवशिका कारागीर मोठ्या आशेने गिटारची तार छेडतो आणि ऐकू येते ती केवळ शांतता! पहिल्या पेडलच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते. येथेच कारागिराची खरी परीक्षा सुरू होते. कोणी रागावून पेटी अडगळीत टाकतो. कोणी भराभर एकेक भाग उपटून बदलत सुटतो आणि जुन्या दोषात नव्याची भर घालतो. पण ज्याला खरोखर शिकावयाचे आहे, तो शांतपणे बसून दोष कोठे असेल याचा विचार करतो.

प्रथम तो सोप्या गोष्टी पाहतो. बॅटरी संपली नाही ना? तारा योग्य जागी आहेत ना? दोन शेजारच्या सांध्यांमध्ये सोल्डरचा थेंब पूल बांधून बसला नाही ना? मग तो मल्टिमीटर घेतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर बॅटरीच्या सुमारे निम्मा, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास दाब असावा लागतो. तरीही उलगडा झाला नाही, तर एक नामी युक्ती आहे. ध्वनिवर्धकाला जोडलेल्या तारेच्या टोकाशी एक धारित्र लावतात, म्हणजे बॅटरीचा प्रवाह ध्वनिवर्धकात शिरत नाही. मग दुसऱ्या कोणाला तरी गिटार वाजवण्यास सांगून ते टोक मंडलातील एकेका ठिकाणी टेकवतात. सूर ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने हे टोक पुढे न्यावयाचे. येथे सूर आहे, येथेही आहे, आणि येथे मात्र नाही! म्हणजे दोष या दोन ठिकाणांच्या मध्येच दडला आहे. बहुधा तेथे एखादा कच्चा सांधाच आढळतो. तो पुन्हा तापवून नीट केला, की मुकी पेटी बोलू लागते.

पहिल्याच प्रयत्नात ज्याचे पेडल वाजले, त्याला एक पेडल मिळाले. पण ज्याने मुक्या पेटीतील दोष शोधून काढला, त्याला अकराही भागांचे काम कळले. आता दुसरे पेडल बिघडले तरी तो भिणार नाही. संचात सुटे भाग मिळतात, नकाशा मिळतो. समज मात्र ज्याची त्यानेच मिळवावी लागते.

नॅशव्हिलच्या त्या अभियंत्यांनीही हेच केले नव्हते काय? यंत्र तर कोणाचेही बिघडते. बिघाडाचा तो आवाज अनेकांनी ऐकला आणि अनेकांना तो आवडलाही. परंतु तो का झाला, हे शोधण्यासाठी जे बसले, त्यांच्याच हातून नवे साधन निर्माण झाले. बिघाड आपोआप गुण होत नाही. त्याचे कारण समजून घेऊन तो आपल्या आज्ञेत आणला, तरच त्यातून सूर निघतो.

स्वाध्याय

१. नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणात सूर कशामुळे फाटला? तो सूर टाकून का दिला नाही?
२. 'बिघाड काही कोणाच्या आज्ञेत नसतो', या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. पिवळा, जांभळा, तपकिरी असे पहिले तीन पट्टे असलेला रोधक किती ओहमचा असेल?
४. चांगला सांधा व कच्चा सांधा यांतील फरक लिहा.
५. पेडल मुके राहिले, तर दोष शोधण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.
६. तुमच्या घरातील एखादी वस्तू दुरुस्त होताना लक्षपूर्वक पाहा आणि दोष कसा सापडला, यावर दहा ओळी लिहा.