कंबर मोडून घेण्यापूर्वी

बांधकामावर घमेली उचलणारे बंधू, दिवसभर वाकून धुणी-भांडी करणाऱ्या भगिनी, हातगाडी ओढणारे कामगार. कंबरदुखी आपल्या वस्तीत घरोघरी आहे. पूर्वी उसण भरली की पायाळू माणसाची लाथ लावून घेत. आता मोबाईलवर पाठ ‘कडकड’ मोडणारे व्हिडिओ पाहून लोक आम्हाला विचारतात, “ताई, कायरोप्रॅक्टिक करून घेऊ का?”

ही पद्धत अमेरिकेत १८९५ साली डी. डी. पामर यांनी सुरू केली. मणका सरकल्यामुळेच बहुतेक आजार होतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते विज्ञानाच्या कसोटीला उतरले नाही. तो ‘कडकड’ आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा असतो. बोटे मोडतानाही तोच येतो.

मग उपयोग काहीच नाही का? आहे, पण मर्यादित. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी मणक्यावर हाताने केलेल्या उपचाराला जागा आहे. पण व्यायाम आणि आजाराची नीट माहिती यांच्या जोडीने. नुसते मोडून घेऊन भागत नाही.

पुढील लक्षणे असतील तर कोणालाही पाठीला हात लावू देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा:

• संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन घटणे (मणक्याचा टीबी असू शकतो)
• पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे
• उतारवयात, हाडे ठिसूळ असताना अचानक आलेली कळ
• पूर्वी कॅन्सर झालेला असणे

लघवी अडकली, लघवी-शौचावर ताबा राहिला नाही, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. उशीर झाला तर अपंगत्व कायमचे राहू शकते.

टीबीने पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर पाय लुळे पडू शकतात. टीबीचे औषध मात्र सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

ही लक्षणे नसतील तर घाबरू नका. नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. अंथरुणाला खिळू नका, झेपेल तेवढे चाला, शेक घ्या. ओझे उचलताना गुडघ्यात वाका, ओझे अंगाजवळ धरा. दुखणे लांबले तर सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात जाऊन व्यायाम शिकून घ्या.

पाठीला हात लावणाऱ्याला आधी विचारा: तुमचे शिक्षण काय? मला नेमके काय झाले आहे? उत्तर पटले नाही, तर उठून या.