सिझेरियनपूर्व भय आणि वैद्याचे आश्वासनकर्म

गर्भिणीचा रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, गर्भाची स्थिती यांची नोंद प्रत्येक तपासणीपत्रावर असते. तिला वाटणाऱ्या भीतीची नोंद क्वचितच आढळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्क्यांवर गेले. हे प्रमाण रास्त आहे काय, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. ज्या स्त्रीला शस्त्रक्रियेची वास्तविक गरज आहे व जी त्या विचाराने झोपेविना रात्र काढते, तिच्यासाठी वैद्याने काय करावे, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचे उदाहरण घ्यावे. कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, जांब समर्थ, रांजणी या भागांतील अनेक गर्भिणींना शस्त्रक्रियेसाठी अंबड, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. भय त्या प्रवासाच्या विचारापासूनच सुरू होते. अशा वेळी कुटुंब प्रथम ओळखीच्या वैद्याकडे येते आणि विचारते, “डॉक्टर, सीझर टळंल असं काही औषध नाही का?” या प्रश्नाचे उत्तर अत्यंत जबाबदारीने द्यावयाचे असते. अपरा गर्भाशयमुखावर असताना किंवा गर्भ आडवा असताना ‘काही होत नाही, नैसर्गिक प्रसूती होईल’ असे सांगणारा वैद्य त्या स्त्रीची भीती घटकाभर घालवतो आणि तिचा जीव धोक्यात घालतो.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात मूढगर्भाचे वर्णन केले आहे. तेथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम अधिपतीची अनुमती, आणि शस्त्र चालविण्यापूर्वी स्त्रीला आश्वासन. आजच्यासारखे संज्ञाहरण नसताना, अतिशय बिकट कर्माच्या वर्णनातही आचार्यांनी आश्वासनाचा उल्लेख वगळला नाही. ते शस्त्रकर्माचेच एक अंग आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात गर्भधारण करणाऱ्या भावांमध्ये सौमनस्याला अग्रस्थान दिले असून शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भिणीस तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे न हिंदकळता जपावे, असे म्हटले आहे.

त्याच अध्यायात नित्य शोक करणाऱ्या गर्भिणीचे अपत्य भित्रे होते, असाही उल्लेख येतो. गर्भसंस्कारांच्या व्याख्यानांत तो वारंवार ऐकवला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते भ्यालेल्या स्त्रीसमोर त्याचा उच्चारही करू नये. आधीच घाबरलेल्या मातेला ‘तुझ्या घाबरण्याने बाळाचे नुकसान होईल’ असे सांगणे म्हणजे एका भयावर दुसरे भय लादणे होय. तो उपदेश घरच्यांसाठी व वैद्यासाठी आहे.

भयाचे स्वरूप

‘घाबरू नकोस’ म्हटल्याने भय जात नाही, कारण ते क्वचितच एकसंध असते. चरकांनी मानस दोषांसाठी सांगितलेल्या उपायांत ज्ञान व विज्ञान प्रथम येतात. म्हणून आधी तिला विचारावे, “नेमकी कशाची भीती वाटते?” आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. सासू किंवा पती उत्तर देऊ लागल्यास त्यांना नम्रपणे थोडा वेळ बाहेर बसवावे.

सर्वाधिक भीती पाठीतील इंजेक्शनची असते. ‘त्याने जन्माची कंबर धरते’ हा समज खेडोपाडी दृढ आहे. टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते, तथापि दीर्घकालीन कंबरदुखी या भुलेमुळे वाढते असे अभ्यासांत दिसलेले नाही. प्रसूतीनंतरच्या कंबरदुखीची कारणे बहुधा गर्भावस्थेतच असतात. दुसरी भीती जागे असण्याची. तिला स्पष्ट सांगावे की कमरेखाली बधिरता येईल, कापल्याची वेदना होणार नाही, पण स्पर्श, ओढ व दाब जाणवेल. बाळ बाहेर काढताना पोटावर जोराचा दाब येतो. थंडी वाजून अंग थरथरू शकते, रक्तदाब उतरल्यास मळमळते. तसे होताच भूलतज्ज्ञास सांगावे. याची पूर्वकल्पना नसलेली स्त्री तो दाब जाणवताच ‘भूल उतरली’ असे समजून हादरते.

संमतिपत्रावरील सहीचेही भय असते. सही मागितली म्हणजे जिवाची आशा सोडली, असे अनेक कुटुंबांना वाटते. ही अनुमती प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी घेतली जाते, हे समजावून सांगावे. खर्चाची चिंता असल्यास २०११ पासून लागू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाची माहिती द्यावी. त्यानुसार शासकीय रुग्णालयात सिझेरियनसुद्धा विनामूल्य होते.

उपवासाबाबत आई-सासूला वेगळे समजवावे लागते. ‘लेकरू उपाशी कसं जाईल’ या मायेपोटी पहाटे गुपचूप दूध पाजले जाते. सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात मूढगर्भादी कर्मे अभुक्त अवस्थेतच करावीत असे सांगितले आहे. पोटातील अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका आज सर्वज्ञात आहे. सामान्यतः घन आहार व दूध सहा तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी बंद करतात. अंतिम सूचना भूलतज्ज्ञाची.

औषधाविषयी

येथे वैद्यांनी विशेष संयम बाळगावा. भय म्हणजे वातप्रकोप, म्हणून जटामांसी, तगर, अश्वगंधा असा विचार सहज मनात येतो. परंतु निद्राकर द्रव्ये भुलेच्या औषधांचा परिणाम वाढवू शकतात आणि सर्पगंधा तर गर्भिणीस देऊच नये. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे वनौषधी थांबविण्याचा सल्ला अनेक भूलतज्ज्ञ देतात. जे काही चालू आहे त्याची नावे, मात्रा व शेवटची वेळ कागदावर लिहून रुग्णेसोबत द्यावी. आयुर्वेदीय औषध ‘निरुपद्रवी’ म्हणून लपविले जाऊ नये.

औषधाऐवजी दीर्घ, संथ श्वसनाचा अभ्यास आठवडाभर आधी सुरू करावा. कुंभक करू नये. तिला प्रिय असलेले संगीत किंवा नामस्मरणही उपयुक्त ठरते. शस्त्रक्रियापूर्व चिंतेवरील संगीताच्या परिणामाबाबत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन समीक्षेत २६ चाचण्यांचा विचार झाला व चिंता काही अंशी कमी होते असे आढळले. त्या चाचण्या केवळ गर्भिणींच्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवावे.

सोबत कोण असावे, याचे उत्तर चरकांनी सूतिकागाराच्या वर्णनात दिले आहे: अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, विषादरहित स्त्रिया. आजच्या भाषेत, सिझेरियन होऊन सुखरूप परतलेली एखादी नणंद, मावशी किंवा गावातील आशाताई. आपल्या वेळचे भयंकर प्रसंग रंगवून सांगणाऱ्या नातेवाईक स्त्रीला मात्र त्या आठवड्यात दूर ठेवलेले बरे.

पूर्वी मृत अपत्य झाले असेल, सलग अनेक रात्री झोप नसेल, छातीत धडधड होऊन श्वास कोंडत असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर हे नेहमीचे भय समजू नये. धडधड व श्वास कोंडणे यांमागे रक्ताल्पता किंवा हृद्रोगही असू शकतो. ती तपासणी आधी करावी. त्यानंतर प्रसूतितज्ज्ञास कळवून मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही विनामूल्य सेवा उपलब्ध आहे. जीव देण्याचे विचार असल्यास तो क्रमांक वैद्याने स्वतः लावून द्यावा आणि रुग्णेस एकटी सोडू नये.