अनुभव कोणास सांगावा?

गीतोपदेश कोणास सांगू नये, हे भगवंतांनी अठराव्या अध्यायाच्या ६७ व्या श्लोकात सांगितले आहे. त्यात ‘अशुश्रूषु’ हे पद येते. आपल्याकडे शुश्रूषा म्हणजे रुग्णाची सेवा. परंतु धात्वर्थ पाहता ती ऐकण्याची इच्छा होय. ज्यास ऐकावयाचेच नाही, त्यास सांगू नये. स्वतःस आलेल्या अतर्क्य अनुभवासही हाच निकष लावावा, असे आम्हांस वाटते.

संत बहिणाबाईंना (१६२८–१७००) कोल्हापुरात स्वप्नामध्ये तुकोबांचा अनुग्रह झाला. तोवर तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शनही घडले नव्हते. ब्राह्मण स्त्रीने शूद्रास गुरू मानावे, हे वैदिक पतीस साहवले नाही; त्याने तिला मारहाण केली. हे सारे तिच्याच आत्मपर अभंगांत आहे. घरचा माणूस म्हणजे श्रोता, असे नव्हे!

अनुभवाच्या बळावर जो लोकांकडून मान वा द्रव्य घेतो, त्याची गोष्ट निराळी. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू एच. नरसिंहय्या यांनी १९७६ साली चमत्कारांच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. जाहीर चमत्कारास पुरावा मागणे रास्तच आहे.

संजयाने विश्वरूप पाहिले. ते धृतराष्ट्राने विचारले म्हणून सांगितले, आणि शेवटी स्वतःचा हर्षही सांगितला. राजाचा विश्वास बसला की नाही, याविषयी गीता मौन पाळते.

बहिणाबाईंनी अंतकाळी आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची हकीकत कथन केली. ऐकणारा होता पुत्र विठोबा.