सूर्य, खिडकी आणि चेहरा



त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी छायाचित्रकार होते. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाल्यावर त्यांनी चित्रपटनिर्मितीचा व्याप नाशिकला आणला. त्या काळी चित्रीकरणाचा मुख्य दिवा म्हणजे सूर्य! त्याच दिव्यावर चेहऱ्याचे चांगले छायाचित्र कसे घ्यावे, ते प्रयोगाने पाहू.

नाशिकचा अक्षांश सुमारे २०° उत्तर. त्यामुळे २० मेच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा वेळी अंगणात उभ्या असलेल्या मित्राचे कपाळ व नाक उजळते, पण डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. आपल्याला ते फारसे खटकत नाही, कारण उजेडाकडून सावलीकडे नजर वळताच डोळा जुळवून घेतो. कॅमेरा मात्र सगळा चेहरा एकाच मापाने टिपतो.

आता मित्राला खिडकीजवळ बसवा. खिडकीतून थेट ऊन येत नसावे. आभाळाचा पसरट उजेड एका बाजूने येतो, म्हणून सावल्यांच्या कडा मऊ होतात. एक छायाचित्र घ्या. मग चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला हातभर अंतरावर पांढरी चादर धरून दुसरे घ्या, आणि काळे कापड धरून तिसरे. कॅमेऱ्याची मापे तिन्ही वेळा तीच ठेवा. नाहीतर फरक कापडाने पडला की मापांनी, हे कळणार नाही.

ही मापे म्हणजे काय? ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला एफ/४ वर १२.५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असते, एफ/८ वर ६.२५ मिलिमीटरचे. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणून एफ/४ ला १/६० सेकंद पुरत असेल, तर एफ/८ ला १/१५ सेकंद लागेल. एवढ्या वेळात हात हलतो; तेव्हा कॅमेरा टेबलावर टेकवा. मोठ्या छिद्राने मागची भिंत धूसर होते, लहान छिद्राने ती स्पष्ट उमटते. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र ठरावीक असते. तिथे वेळ व संवेदनक्षमता बदलते.

प्रत्येक छायाचित्राची वेळ, जागा व मापे वहीत नोंदवा.

शेवटी एक प्रश्न. पांढऱ्या चादरीऐवजी पिवळी धरली, तर चेहऱ्याची अंधारी बाजू कशी दिसेल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.