बंदिवास की आसरा?

सुटीच्या दिवशी प्राणिसंग्रहालयात हत्तीच्या आवाराभोवती मोठी गर्दी जमते. पुष्कळदा तेथील हत्ती एका जागी उभा राहून सारखा डुलत असतो. तो आनंदाने नाचत आहे असे मुलांना वाटते आणि वडीलधारी मंडळीही कौतुकाने माना डोलावतात. वस्तुतः ते नृत्य नव्हे. रानातील हत्ती दिवसाचे सोळा-सतरा तास चरण्यात घालवितो. चाऱ्यापाण्याच्या शोधात कोसच्या कोस हिंडतो. हत्तिणी आणि त्यांची पिले कळपाने राहतात. एखादी वयोवृद्ध हत्तीण त्या कळपाची वाट ठरविते. आवारात चारा आयता मिळतो. पण चालण्यास वाव नसतो, कळप नसतो, शोधावे असे काहीच उरलेले नसते. मग तो प्रचंड देह जागच्या जागी झुलू लागतो. कठीण फरशीवर सतत उभे राहिल्याने पायांनाही विकार जडतात. म्हणून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ साली असे ठरविले, की हत्तींना प्राणिसंग्रहालयात ठेवू नये, मोकळ्या हत्ती-छावण्यांत पाठवावे. निर्णय कागदावर सहज उतरला. हत्ती हलविणे मात्र तितके सोपे ठरले नाही.

मग सगळेच पिंजरे उघडून टाकावेत काय? असे म्हणणाऱ्याने चीनमधील मिलू नावाच्या हरणाची हकीकत अवश्य ऐकावी. दलदलीत राहणारे हे हरीण रानातून केव्हाच नाहीसे झाले होते. बीजिंगच्या दक्षिणेस बादशहाची तटबंद शिकारबाग होती. तेथे तेवढा एक कळप उरला होता. १८६५ साली आर्मां दाविद या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या तो दृष्टीस पडला आणि पुढे काही मिलू युरोपातील प्राणिसंग्रहालयांत गेली. काही वर्षांनी पुराने बागेचा तट फोडला. बाहेर पडलेली हरणे भुकेल्या लोकांनी मारून खाल्ली. उरलेल्यांपैकी बहुतेक १९०० सालच्या लढाईच्या धामधुमीत सैनिकांनी संपविली.

इंग्लंडमधील बेडफर्डच्या ड्यूकने तेव्हा ठिकठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांतून अठरा मिलू मिळविली आणि आपल्या वोबर्न येथील उद्यानात ठेवली. तेथेही कुंपण होतेच. परंतु आत विस्तीर्ण कुरण होते, सोबतीला कळप होता. पिंजऱ्याचे प्रयोजन प्राण्याचे जगणे हे आहे, की पाहणाऱ्याची करमणूक, हा भेद येथे ध्यानात येतो. आज जगात जेवढी मिलू आहेत, ती सर्व याच कळपाची संतती होय.

१९८५ साली त्यांतील काही हरणे चीनला परत नेण्यात आली आणि जुन्या शिकारबागेच्याच जागी ठेवण्यात आली. पुढे अन्यत्रही त्यांच्यासाठी राखीव क्षेत्रे झाली. १९९८ साली यांगत्से नदीला महापूर आला, तेव्हा अशाच एका क्षेत्रातील काही मिलू कुंपणाबाहेर पडली. ती पुन्हा धरून आणली गेली नाहीत. नदीकाठच्या दलदलीत त्यांची पाडसे रानातच जन्मली.